पिकोस दे युरोपाला मित्रांसोबत निघालात? या चुका टाळा

पिकोस दे युरोपा ही उत्तर स्पेनमधली डोंगररांग. मी तिकडेच बिल्बाओत राहतो, त्यामुळे दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाचा फोन येतोच. "अरे, तो पिकोस तुझ्या जवळच ना? चार दिवस काढतो, जाऊ या." येतात, आणि त्याच त्या चुका करतात.

पहिली फसगत आकड्यांची. सगळ्यात उंच शिखर तोर्रे दे सेर्रेदो, २६५० मीटरच्या आत-बाहेर. "एवढंच? हिमालयात एवढ्या उंचीवर गावं असतात," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता उत्तरही देत नाही. पायथ्याच्या पोन्सेबोसचा रस्ता समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वादोनशे मीटरवर आहे आणि उरिएयू सुळक्याच्या पायथ्याचं रेफुहियो, म्हणजे डोंगरातलं मुक्कामाचं घर, १९५० मीटरच्या घरात. पायी गेलात तर एका दिवसात सतराशे मीटरची चढाई. कळसूबाई अख्खी १६४६ मीटर, आणि तीही आपण बारीतून, निम्मी उंची एसटीत बसून कमावल्यावर चढतो.

आता पाणी. यावर मी जरा जास्त बोलणार, कारण सह्याद्रीत वाढलेले लोक नेमके इथेच अडकतात. आपल्याकडे गडावर टाकं असतं. बेसॉल्टमध्ये खोदलेलं, फेब्रुवारीतही पाणी धरून ठेवणारं. त्यामुळे "वर मिळेल की" ही सवय हाडात मुरलेली असते. पिकोस सगळा चुनखडीचा. पाऊस भरपूर, बर्फ भरपूर, पण खडक म्हणजे चाळणी. पडलेलं पाणी भेगांतून थेट पोटात जातं आणि खाली दरीत कुठेतरी झऱ्याच्या रूपाने बाहेर येतं. वर तुम्हाला दिसतात ते 'होउ': मोठेमोठे खोलगट खड्डे, ज्यांच्या तळाशी आपल्या हिशेबाने तळं असायला हवं, पण असतात नुसते दगड. लांबून चमकणारा बर्फाचा तुकडा दिसतो, पण त्याच्याखालून वाहणारं पाणी दहा पावलांत गडप होतं.

माझा एक जुना मित्र, गडकोट तुडवलेला माणूस, अर्ध्या लिटरची बाटली घेऊन निघाला होता. वजन कमी म्हणे. ऑगस्टचं ऊन, सावलीला झाड नाही, पांढऱ्या खडकावरून उलटी येणारी झळ. वाटेत काबान्या बेरोनिका लागतं, विमानवाहू जहाजाचा जुना धातूचा बुरूज आणून उभारलेलं इवलंसं घर. हा तिथे नळ शोधत दोन प्रदक्षिणा घालून आला. झरा नाहीच तिथे. मग दिवसभर आमच्या बाटल्यांवर डोळा. सकाळी निघताना प्रत्येकाच्या सॅकमध्ये तीन लिटर पाणी दिसल्याशिवाय मी दाराबाहेर पाऊल टाकू देत नाही. दोन लिटर पुरतात म्हणणाऱ्याला तिसरा लिटर माझ्यासाठी घे म्हणून सांगतो. संध्याकाळी तो लिटर कुणी पिलेला असतो, ते विचारायची गरज पडत नाही.

माझी आणखी एक आवडती चूक: उशिरा निघणं आणि वर पांगणं. या दोन्ही एकत्रच येतात.

फुएन्ते दे या ठिकाणी केबल कार आहे. चार मिनिटांच्या आत ७५३ मीटर वर नेऊन १८०० मीटरपलीकडे सोडते. केबल कारला माझा विरोध नाही. पण तिच्यामुळे लोकांना वाटतं की निम्मं काम झालं. मग सकाळी निवांत कॉफी, मग ऑगस्टातली रांग, आणि वर पोचेपर्यंत दुपार. "सूर्य दहाला मावळतो रे इथे," हे लाडकं समर्थन. जूनमध्ये साधारण खरंही आहे. पण अडचण अंधाराची नसते, धुक्याची असते. समुद्र वीसेक किलोमीटरवर आहे. दुपारी ढग दऱ्यांमधून वर चढतात आणि बघता बघता पुढचा माणूस नाहीसा होतो.

असंच एकदा आम्ही होर्कादोस रोहोसच्या खिंडीवर दुपारी उशिरा पोचलो. पलीकडे लोखंडी दोर धरून उतरायचा रॉक पॅच, खाली होउ, मग उरिएयू. आमच्यातला एक कायम पुढे पळणारा. "खाली जाऊन थांबतो" म्हणाला आणि गेला. आम्ही दोर सोडेपर्यंत धुकं आलं होतं. खाली तो नव्हता. हाका मारल्या, उत्तरही आलं, पण चारही बाजूंना भिंती असल्यावर आवाज कुठून येतो ते कळत नाही. फोनवर ट्रॅक होता त्याच्याकडे, बॅटरी मात्र खिंडीतले व्हिडिओ काढण्यात संपलेली. मी सगळ्यांना एका धोंड्याजवळ बसवलं आणि दर दोन मिनिटांनी शिट्टी वाजवत राहिलो. बऱ्याच वेळाने धुकं फाटलं तेव्हा त्याचं लाल विंडचीटर आमच्या वर दिसलं, एका कड्याच्या बुडाशी. वाटेच्या खुणेसाठी रचतात तशा दगडांच्या राशी बघत बघत हा गेला होता. राशी होत्या खऱ्याच, पण प्रस्तरारोहकांनी त्यांच्या चढाईच्या सुरुवातीकडे जाण्यासाठी रचलेल्या. चुनखडीवर पायवाट उमटत नाही, त्यामुळे जी रास दिसेल ती आपलीच वाटते.

रेफुहियोत जेवणाची वेळ ठरलेली असते. आम्ही पोचलो तेव्हा बाकं पुसून झाली होती. तिथल्या बाईंनी एक शब्द न बोलता मसुराच्या सूपचं पातेलं परत गॅसवर ठेवलं.

तेव्हापासून सगळ्यात हळू चालणारा पुढे, मी मागे, शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात. सकाळी सातला चालायला सुरुवात. कागदी नकाशा माझ्या खिशात असतो, आणि त्यावर हसणाऱ्यांना मी हसू देतो. चटचट चालणाऱ्यांना हा नियम जाचतो. जाचू दे.

बाकीचं थोडक्यात.

कारेसची घळ, पोन्सेबोस ते काईन, एका बाजूने बारा किलोमीटर, सुंदरच आहे. पण ती करून "पिकोस केला" म्हणू नका.

रेफुहियोचं बुकिंग आधी करा. ऑगस्टात आयत्या वेळी गेलात तर जमिनीवरही जागा मिळेल याची खात्री नाही. झोपायला स्लीपिंग बॅगचं अस्तर न्या आणि बूट दारातच काढा.

शाकाहारी असाल तर नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. ट्यूना घातलेलं सॅलड येतं. मासे, हॅम, चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) सगळ्यांची नावं घेऊन नाही म्हणा. फाबादा ही पावट्यासारख्या दाण्यांची उसळ वाटते, पण तिच्यात डुकराचं मांस असतंच. काब्रालेसचं निळं चीज मात्र खा, वासाला घाबरू नका.

पोतेस गावात दुकानं दुपारी बंद होतात. खाऊ सकाळीच घेऊन ठेवा.

जूनमध्ये खिंडींत कडक बर्फ असू शकतो. ट्रेकिंगचे बूट आहेत म्हणून त्यावर घसरत जाणारे महाभाग मी पाहिलेत. खाली दगड असतात. आदल्या रात्री रेफुहियोत विचारा, ते खरं सांगतात. अपघात झालाच तर ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन.

शेवटच्या दिवशी उरिएयूहून खाली येताना गुडघे बोलायला लागतात. बुल्नेस गावाला, जिथे अजून गाडीरस्ता नाही, २००१ पासून डोंगराच्या पोटातून जाणारी फनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे, आहे, थेट पोन्सेबोसला उतरवणारी. चार दिवस चालून आल्यावर तिच्यात बसायला माझी काही हरकत नाही. फक्त शेवटची गाडी किती वाजता सुटते ते आधी बघून ठेवा, कारण ती चुकली की उरलेला उतार पायीच.