नम्र व्हायचंय ना, मग वांगी सोलायला बसा

प्रार्थनेत "प्रभू मी काहीच नाही, मी माती" म्हणायला काहीच लागत नाही, आणि असं डोळे मिटून जोरात म्हणणाऱ्यालाच थोड्या वेळाने पुढची खुर्ची नाही मिळाली की राग येतो, हे आपल्या खान्देशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये सगळ्यांनी बघितलंय. म्हणून माझं म्हणणं असं की नम्रतेची प्रॅक्टिस प्रार्थनेत नाही, जिथे मानपान चालतो तिथे करायची.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे नाताळची पंगत. भरीत करायचं असलं की सकाळीच काड्यांवर वांगी भाजायला टाकतात, मग गरम गरम वांग्याची साल काढायला बाया बसतात, बोटं पोळतात, धुराने डोळ्यातून पाणी येतं, नखात काळं बसतं ते लवकर जात नाही. त्या घोळक्यात कधी कमिटीचा सेक्रेटरी बसलेला बघितलाय का भो? तर तिथे जाऊन बसा. फोटो काढू नका, कोणी काढला तर स्टेटसला टाकू नका. आणि "अशी नाही, तशी सोला" असं शिकवायला लागू नका, उलट त्यांनाच विचारा कशी सोलायची, ती मावशी जे सांगेल ते ऐका. माझ्या मते अर्धी नम्रता या ऐकण्यातच आहे.

जेवायला शेवटच्या पंगतीला बसा. बायबलात लूक 14 मध्ये येशूने लग्नाच्या जेवणाबद्दल हेच सांगितलंय, शेवटल्या जागेवर जाऊन बस. पण यात पण लोक चलाखी करतात, मागे बसायचं आणि एक डोळा दाराकडे, कोणीतरी येऊन "अण्णा तुम्ही इथे कुठे, पुढे चला ना" म्हणावं म्हणून. तसं मन व्हायला लागलं तर बसूच नका, वरणाची बादली उचला आणि वाढा. आणि वाढताना ओळखीच्याच्या ताटात बट्टी दोन जास्त पडते, ते सांभाळा. शेवटी वाट्याला तूप नसलेलं, पाणी घालून पुरवलेलं वरण आलं तर खाऊन घ्या, गावभर सांगत फिरू नका.

दानाचं थोडक्यात. चर्चला पंखा द्या, पण पात्यावर नाव लिहू नका.

आता घर, हे खरं अवघड. मत्तय 5:23-24 मध्ये सरळ लिहिलंय की अर्पण आणलं आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आपल्याकडे बांधावरून, विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ बोलत नाहीत आणि रविवारी दोघंही एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसून गाणी म्हणतात. रविवार उजाडायच्या आत फोन करा, "जिभाऊ, मन्ही चूक हुयनी" (माझी चूक झाली) एवढंच म्हणा आणि थांबा. त्याच्यापुढे "पण तुम्ही पण" आलं की माफी संपली, भांडण सुरू. बांध कोणाचा ते मोजणीवाला ठरवेल, तुम्ही जे वाईट बोलले त्याचीच माफी मागायची आहे.

घेणं पण शिका. योहान 13 मध्ये येशू शिष्यांचे पाय धुवायला लागला तर त्याचा शिष्य पेत्र म्हणाला माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, वरून नम्र वाटतं पण येशूने ते चालू दिलं नाही. ज्यांना आयुष्यभर दुसऱ्याला द्यायची सवय आहे, रिटायर मास्तर, नर्स, पाळक, त्यांना आजारपणात कोणी डबा आणला तर लाजल्यासारखं होतं. डबा घ्या, आवडीने खा, आणि लगेच बदल्यात काही पाठवायची घाई करू नका.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या, कारण इथे लय गोंधळ होतो. नम्रता म्हणजे अन्याय गिळणं नाही. येशूची शिकवण सांगत फिरणारे पौल आणि सीला, यांना फिलिप्पै शहरात चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून द्यायला माणसं पाठवली, तर पौल म्हणाला आम्ही रोमन नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं (प्रेषितांची कृत्ये 16). आणि याच फिलिप्पैच्या मंडळीला त्याने नंतर पत्र लिहिलं, त्याच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलं की दुसऱ्याला आपल्यापेक्षा श्रेष्ठ माना. दोन्ही एकाच माणसाचं. म्हणून दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यापुढे, मजुरी बुडवणाऱ्या मालकापुढे कोणी "नम्र राहा" म्हणून सांगत असेल तर ऐकू नका. ज्याच्या हातात सत्ता त्याने आधी वाकायचं. नवापूरकडून आलेला मावची बोलणारा भाऊ प्रार्थनेला उभा राहिला की शहरातले गालात हसतात ना, तर त्याला मराठी शिकवण्याआधी तुम्ही त्याच्या बोलीतलं एक गाणं पाठ करा आणि चुकत चुकत त्याच्यासमोर म्हणा, हसला तर हसू द्या.

आणि कोणी कौतुक केलं तर "नाही नाही मी कुठे" असं तीनदा म्हणून अजून कौतुक काढून घेऊ नका. थँक्यू म्हणा आणि त्याच्या पोराची परीक्षा कशी गेली ते विचारा.