टोयोटाचा लौकिक कसा पारखावा

जुनी इनोव्हा घ्यायला निघालेल्या माणसाला पहिल्याच विक्रेत्याकडे एक वाक्य ऐकायला मिळते: 'टोयोटा आहे, डोळे झाकून घ्या.' समोर उभ्या असलेल्या गाडीविषयी या वाक्यात काहीच नसते. जे असते ते कंपनीच्या नावाविषयी, आणि त्या नावाचे पैसे गाडीच्या किमतीत आधीच धरलेले असतात. गाडी कशी तपासावी हे ओळखीचा मेकॅनिक सांगेल. नाव कसे तपासावे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख. उदाहरणाला टोयोटा घेतली आहे, कारण तिचा इतिहास बराचसा उघड आहे आणि त्यातील चुकाही नोंदल्या गेल्या आहेत.

सुरुवात लौकिकाचे तुकडे करण्यापासून करावी. 'चांगली कंपनी' असे मोघम न म्हणता कागदावर वेगवेगळे प्रश्न लिहावेत: इंजिन किती लाख किलोमीटर टिकते, सुटे भाग मिळतात का आणि किती महाग पडतात, पाच वर्षांनी विकताना हाती काय येते, सरकारी चाचण्यांत कंपनी खरी माहिती देते का, कामगारांशी तिचे कसे जमते. टोयोटाचे नाव झाले ते मुख्यतः टिकाऊपणावर आणि पुनर्विक्रीवर. शेवटच्या दोन प्रश्नांवर तिची बाजू अधूनमधून लंगडी पडलेली आहे. बंगळूरजवळच्या बिदादी येथील तिच्या कारखान्यात २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये कामगारांशी झालेल्या वादातून टाळेबंदी (लॉकआउट) झाली होती. एका विषयात मिळालेले गुण दुसऱ्या विषयाच्या उत्तरपत्रिकेवर चढवायचे नाहीत, एवढे पथ्य पाळले तरी निम्मे काम होते.

दुसरे काम म्हणजे कंपनीचा मूळ धंदा कोणता होता हे पाहणे. टोयोटाच्या बाबतीत तो धंदा कापड विणण्याच्या मागांचा आहे. साकिची तोयोदा हा १८६७ मध्ये जन्मलेला सुताराचा मुलगा. १८९१ मध्ये त्याला लाकडी हातमागाचे पहिले पेटंट मिळाले, आणि १९२४ मध्ये त्याचा 'जी' प्रकारचा स्वयंचलित माग तयार झाला. या मागात धोट्यातले, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या नळीतले सूत संपले की माग न थांबवता धोटा आपोआप बदलला जाई. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग निराळाच आहे. मागाच्या ताण्यातल्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर एक पातळ पट्टी टांगलेली असे. धागा ताणलेला असेपर्यंत ती वर राही, आणि धागा तुटला की खाली पडून माग जागच्या जागी थांबवी. ज्यांनी यंत्रमाग जवळून पाहिला आहे त्यांना हे लगेच उमगेल, कारण एक तुटलेला धागा वेळीच दिसला नाही तर पुढचे कितीतरी वार कापड दोष घेऊनच बाहेर पडते. दोष दिसताक्षणी काम थांबवायचे, ही कल्पना पुढे मोटारीच्या कारखान्यात आली आणि 'जिदोका' या नावाने ओळखली गेली. कामगाराने दोरी ओढली की दिवा लागतो, आणि अडचण वेळेत सुटली नाही तर जुळणीची रांग थांबते.

साकिचीचा मुलगा कीइचिरो याने १९२९ मध्ये इंग्लंडमधील प्लॅट ब्रदर्स या कंपनीला या मागाचे हक्क एक लाख पौंडांच्या करारावर दिले. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या माग बनवणाऱ्या कंपनीतच १९३३ मध्ये मोटारींचा विभाग सुरू झाला, १९३५ मध्ये 'जी वन' हा ट्रक आणि १९३६ मध्ये 'एए' ही पहिली प्रवासी गाडी विक्रीस आली, आणि १९३७ मध्ये स्वतंत्र मोटार कंपनी स्थापन झाली. ते पहिले ट्रक वाटेत बंद पडत आणि कंपनीची माणसे जागेवर जाऊन ते दुरुस्त करत. आजच्या लौकिकाची सुरुवात अशी रस्त्याच्या कडेला झाली आहे. नावाची गोष्टही मजेशीर आहे. १९३६ मधील बोधचिन्हाच्या स्पर्धेला सुमारे सत्तावीस हजार चिन्हे आली, आणि त्यानंतर 'तोयोदा'चे 'टोयोटा' झाले, कारण जपानी लिपीत ते आठ रेघांत लिहिता येते आणि आठ हा आकडा तिकडे शुभ मानतात. आरटीओत नंबरची बेरीज नऊ यावी म्हणून ज्यादा पैसे भरणाऱ्या आपल्या मंडळींनी यावर हसू नये.

यानंतर कंपनीची वाईट वर्षे शोधावीत. हा भाग सर्वांत उपयोगी आहे आणि माहितीपत्रकात तो सहसा मिळत नाही. टोयोटाच्या बाबतीत दोन टप्पे जरूर पाहावेत. पहिला १९५० चा. युद्धोत्तर जपानमध्ये चलनवाढ रोखण्यासाठी पतपुरवठा आवळला गेला, गाड्या विकल्या तरी हप्ते वसूल होईनात, कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली, संप झाला, दीड हजारांहून अधिक कामगारांना बाहेर पडावे लागले आणि जूनमध्ये कीइचिरोने अध्यक्षपद सोडले. त्याच जून महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याकडून ट्रकच्या मागण्या आल्या. म्हणजे कंपनी वाचली त्यात नशिबाचाही हात होता. हे इतिहास सांगताना बहुतेक जण गाळतात. कीइचिरो १९५२ मध्ये वारला, पुन्हा कंपनीची सूत्रे हाती घेण्याआधीच.

दुसरा टप्पा अमेरिकेतला. १९५७ मध्ये तेथे विक्री कंपनी काढून टोयोटाने 'क्राउन' ही गाडी नेली. जपानच्या खाचखळग्यांच्या रस्त्यांवर ती दणकट ठरली होती. अमेरिकेच्या द्रुतगती मार्गांवर मात्र तिला वेग झेपेना, ती तापे आणि थरथरे. १९५८ मध्ये २८७ क्राउन विकल्या गेल्या, आणि लँड क्रूझर ही जीपसारखी गाडी फक्त एक. अखेर १९६० मध्ये प्रवासी गाड्यांची तेथील निर्यात थांबवावी लागली. त्यानंतर विक्रीची साखळी कशीबशी लँड क्रूझरने सांभाळली, आणि १९६५ मध्ये तेथील रस्त्यांचा विचार करून सुधारलेली 'कोरोना' नेल्यावर जम बसला. यावरून तपासणाऱ्याने घ्यायची नोंद अशी की टिकाऊपणा रस्ता, इंधन आणि वापर यांच्या संदर्भातच मोजावा लागतो. एका देशात मिळवलेले नाव दुसऱ्या देशात पुन्हा मिळवावे लागते.

लौकिक पद्धतीवर उभा आहे की एखाद्या हुशार माणसावर, हेही पाहावे. माणूस निवृत्त होतो, पद्धत मागे राहते. टोयोटाची पद्धत घडवण्यात ताइइची ओनो या अभियंत्याचा मोठा वाटा आहे. तो मुळात त्याच समूहाच्या कापड गिरणीत होता आणि १९४३ मध्ये मोटार कंपनीत आला. अमेरिकेतील सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक फळीवरून जेवढा माल उचलते तेवढाच मागून भरला जातो, या कल्पनेवर त्याने सुट्या भागांचा पुरवठा बसवला, आणि 'हवे ते, हवे तेव्हा, हवे तेवढे' सांगण्यासाठी प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली चिठ्ठी वापरली. तीच 'कानबान'. हे तंत्र इमारतीला किंवा वंशाला चिकटलेले नाही, याचा पुरावा कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटचा: जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९८२ मध्ये बंद केलेला कारखाना १९८४ मध्ये तिने आणि टोयोटाने मिळून उघडला, आणि बहुतांशी त्याच जुन्या कामगारांनी तेथे चांगल्या प्रतीच्या गाड्या काढून दाखवल्या.

ओनोचे एक हत्यार तर वाचकाने उचलून स्वतःच वापरावे असे आहे: एकाच अडचणीवर पाच वेळा 'का' विचारणे. त्याने दिलेले उदाहरण यंत्र बंद पडण्याचे आहे. यंत्र का थांबले? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला पुरेसे तेल मिळाले नाही. तेल का मिळाले नाही? पंप नीट ओढत नव्हता. का ओढत नव्हता? त्याचा दांडा झिजला होता. दांडा का झिजला? पंपाला जाळी नव्हती, त्यामुळे धातूचा कीस आत गेला. पहिल्या 'का'वर थांबणारा फ्यूज बदलून घरी जातो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. गाड्या परत बोलावल्याची, म्हणजे रिकॉलची बातमी वाचताना हेच प्रश्न विचारावेत, आणि कंपनीचा खुलासा कितव्या 'का'ला थांबतो ते मोजावे.

रिकॉल ही स्वतः बदनामीची गोष्ट नाही. तो वेळेत झाला की नाही आणि कसा झाला, हे पाहायचे. डिसेंबर १९८९ मध्ये लेक्सस या टोयोटाच्याच महागड्या गाड्यांच्या नाममुद्रेच्या पहिल्याच 'एलएस ४००' गाडीत मागच्या वरच्या ब्रेक दिव्याच्या आणि वेग स्थिर ठेवणाऱ्या यंत्रणेच्या तक्रारी आल्या, तेव्हा विकलेल्या सुमारे आठ हजार गाड्या कंपनीने परत घेतल्या, अनेक ग्राहकांच्या दारातून नेल्या, आणि दुरुस्त करून, धुऊन, टाकी भरून परत केल्या. नव्या नाममुद्रेचे नाव त्यातून उलट वाढले. वीस वर्षांनी चित्र उलटे होते. गाडी आपोआप वेग घेते अशा तक्रारींवरून २००९-१० मध्ये पायाखालचे मॅट आणि अडकणारे अ‍ॅक्सिलरेटर पेडल यांसाठी लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, कीइचिरोचा नातू आणि तेव्हाचा अध्यक्ष आकिओ तोयोदा याला फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे माफी मागावी लागली. अमेरिकी सरकारने नासाच्या अभियंत्यांकडून करून घेतलेल्या तपासणीत इलेक्ट्रॉनिक दोषाचा पुरावा सापडला नाही, हे खरे; परंतु सुरक्षेच्या तक्रारींबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल २०१४ मध्ये कंपनीने अमेरिकी न्याय खात्याशी तडजोड करून १.२ अब्ज डॉलर भरले. दोष आणि दोषाविषयीचे बोलणे या दोन गोष्टी वेगळ्या तपासायच्या, त्या यासाठी.

आता बोनेटवरच्या चिन्हामागे कोण आहे ते पाहू. छोट्या गाड्या बनवणारी दाइहात्सू २०१६ पासून पूर्णपणे टोयोटाच्या मालकीची आहे. बाजूच्या धडकेच्या चाचणीत दाराच्या आतल्या अस्तराला, विक्रीच्या गाडीत नसणारी खाच पाडून गाडी पुढे केल्याचे २०२३ मध्ये उघड झाले, आणि डिसेंबरपर्यंत गैरप्रकारांची यादी ६४ मॉडेलांवर गेली. सर्वांत जुना प्रकार १९८९ चा होता, आणि त्या यादीत टोयोटाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गाड्याही होत्या. जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजची पाळी आली. डिझेल इंजिनांच्या शक्तीच्या चाचणीत तिने प्रत्यक्ष उत्पादनातल्यापेक्षा निराळे सॉफ्टवेअर वापरले होते, आणि त्यामुळे भारतातही इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्स यांचा पुरवठा काही काळ थांबला. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे १९२६ ची तीच माग बनवणारी कंपनी. धागा तुटताच थांबणारा माग जिने विकला, तिच्या चाचणीच्या खोलीत कोणी दोरी ओढली नाही, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोचते. त्याच वर्षी जूनमध्ये खुद्द टोयोटानेही सात मॉडेलांच्या चाचण्यांतील अनियमितता मान्य केली. त्यांतील काही चाचण्या नियमापेक्षा कडक होत्या, असा तिचा खुलासा होता. तो खोटा नाही, पण ठरलेली चाचणी न करता दुसरीच केली, एवढा त्याचा अर्थ उरतोच.

भारतातल्या गाडीला हीच कसोटी लावताना एक मराठी धागा हाती लागतो. १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढणाऱ्या, लोखंडी नांगर बनवणाऱ्या आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी टोयोटाला भारतात आणण्यात पुढाकार घेतला, आणि येथेही आधी आली ती कापडाची यंत्रे, १९९५ मध्ये; मोटारींची टोयोटा किर्लोस्कर कंपनी १९९७ मध्ये निघाली. जानेवारी २००० मध्ये आलेली क्वालिस दिसायला जुनाटच होती, इंडोनेशियातल्या 'किजांग'वर बेतलेली. पण टूरवाल्यांनी ती डोक्यावर घेतली, आणि तिचा खप चांगला असतानाच २००५ मध्ये कंपनीने ती बंद करून इनोव्हा आणली. इनोव्हाचे नाव या टूरच्या धंद्यात घासून तयार झाले आहे. ग्लान्झाचे नाव तसे नाही: २०१९ मध्ये आलेली ही गाडी मुळात मारुती सुझुकीची बलेनो आहे. ती वाईट आहे असे मुळीच नाही, पण तिचा टिकाऊपणा तपासायचा असेल तर बलेनो वापरणाऱ्यांना विचारावे, इनोव्हा वापरणाऱ्यांना विचारून उपयोग नाही.

एवढे झाल्यावर प्रत्यक्ष गाडीकडे जावे. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर जुळवून पाहावा; सतरा अंकाक्षरांच्या या नंबराची सुरुवात जपानमध्ये बनलेल्या गाडीत 'जे' या अक्षराने आणि भारतात बनलेल्या गाडीत 'एम' या अक्षराने होते. तोच नंबर देऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दोन गोष्टी विचाराव्यात: या गाडीवर कोणता रिकॉल होता आणि ते काम झाले का, आणि शेवटची सर्व्हिसिंग किती किलोमीटरवर झाली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मीटरशी जुळले नाही तर पुढे बोलूच नये.

मीटरवर विसंबू नये हे मी एकदा जवळून पाहिले आहे. एका विक्रेत्याकडे सात आसनांची एक गाडी पाहायला गेलो होतो, कंपनी कोणतीही असो. मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर होते. ब्रेक पेडलवरचे रबर उजव्या कोपऱ्यात इतके झिजले होते की खालचे लोखंड चकाकत होते, स्टिअरिंगचे आवरण, घड्याळात दहा आणि दोन असतात त्या, हात धरण्याच्या जागी गुळगुळीत झाले होते, आणि चालकाच्या आसनाची दाराकडची कड बसून गेली होती. सर्व्हिसिंगची फाईल मागितली, तेव्हा ती मालकाच्या गावाला आहे असे सांगून विक्रेत्याने पोऱ्याला चहा आणायला पाठवले.