मिळेल त्या जागेत नीट बसणारं कार्ड: बांधणी आणि फीडबॅकवरून दुरुस्ती

वेबपानावरची एक छोटी चौकट, तिच्यात चित्र, शीर्षक, दोन-तीन ओळी मजकूर आणि एक बटण, एवढंच हे कार्ड. पानाच्या मुख्य भागात त्याला ऐसपैस जागा मिळते, बाजूच्या पट्टीत अंग चोरून बसावं लागतं. स्क्रीन तीच, जागा वेगळी. म्हणून हे कार्ड स्क्रीन मोजणाऱ्या मीडिया क्वेरीवर (क्वेरी म्हणजे ‘रुंदी इतकी असेल तर मांडणी अशी’ ही अट) उभं करू नका. त्याला मिळालेली जागा मोजणारी कंटेनर क्वेरी वापरा. २०२३ पासून ती क्रोम, सफारी आणि फायरफॉक्स तिन्हींत चालते.

आधी एचटीएमएल, म्हणजे पानाचा सांगाडा. दुसऱ्या पानावर न्यायचं असेल तर लिंक, तिथल्या तिथे काही घडवायचं असेल तर बटण. नुसत्या डिव्हला (एचटीएमएलमधल्या साध्या डब्याला) क्लिक जोडलं तर कीबोर्ड वापरणारा तिथे पोहोचतच नाही. पान फोनच्या रुंदीत मांडायला सांगणारा व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आहे ना, तेही पाहून घ्या. तो नसेल तर मोबाईल पान मोठ्या स्क्रीनचं समजून आक्रसून दाखवतो आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते.

सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमध्ये, अरुंद मांडणी हीच मूळ धरा: चित्र वर, मजकूर खाली. कार्डाभोवती एक वेष्टन घेऊन त्याला ‘कंटेनर-टाइप: इनलाइन-साइज’ द्या. वेष्टन २८ रेमपेक्षा (एक रेम म्हणजे पानाच्या मूळ फॉन्टच्या आकाराइतकं माप) रुंद झालं की आतल्या कार्डाचे दोन स्तंभ करा, चित्राला एक भाग आणि मजकुराला दोन. इथे हमखास होणारी चूक म्हणजे कार्डालाच कंटेनर करणं. कंटेनर स्वतःच्या क्वेरीने स्वतःची मांडणी बदलू शकत नाही, बदलतात ते त्याच्या आतले घटक. शिवाय असा कंटेनर आतल्या मजकुरावरून रुंदी ठरवत नाही. फ्लेक्सच्या, म्हणजे घटक शेजारी-शेजारी मांडणाऱ्या सीएसएसच्या, रांगेत त्याला रुंदी किंवा वाढायची मुभा दिली नाही, तर तो शून्यावर येतो आणि कार्ड गायब झाल्यासारखं वाटतं.

चित्राच्या टॅगमध्ये रुंदी-उंची लिहा आणि सीएसएसमध्ये कमाल रुंदी १०० टक्के, उंची ऑटो ठेवा. ब्राउझर आधीच जागा राखतो, त्यामुळे चित्र उतरल्यावर मजकूर खाली उडी मारत नाही.

देवनागरी मजकुराची काळजी वेगळी घ्यावी लागते. ओळीची उंची १.६ च्या आसपास ठेवा. इंग्रजीसाठी बेतलेल्या १.२ मध्ये वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. शीर्षकाला ठरावीक उंची देऊन उरलेलं लपवलंत तर मात्रा आणि रफार छाटले जातात.

आता फीडबॅक. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘छान आहे’ एवढंच हाती लागतं. त्याऐवजी काम द्या: ‘या कार्डावरून पूर्ण माहितीपर्यंत जा.’ मग गप्प बसून बघा. बोट कुठे अडखळतं, कुठे दोनदा दाबलं जातं, ते लिहून ठेवा. चार-पाच माणसांतच मोठ्या अडचणी दिसू लागतात.

‘मोबाईलवर बिघडलंय’ अशी तक्रार आली तर लगेच कोडला हात लावू नका. ब्राउझर, रुंदी, झूम, फॉन्टचा आकार आणि स्क्रीनशॉट मागा, आणि तीच चूक आपल्याकडे घडवून पाहा. ती दिसेपर्यंत केलेली दुरुस्ती हा अंदाजच असतो. पान आडवं सरकत असेल तर बहुतेक वेळा एखादा लांबलचक दुवा किंवा न तुटणारा शब्द कारण असतो. फ्लेक्समधला घटक आपल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसतो, म्हणून त्याला ‘मिन-विड्थ: ०’ आणि मजकुराला ‘ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर’ द्या. ‘ओव्हरफ्लो: हिडन’ लावून झाकू नका, तिथे मजकूर हरवतो. बटण नेमकं दाबलं जात नसेल तर त्याची दाबता येणारी जागा ४४ बाय ४४ पिक्सेल करा, डब्ल्यूसीएजी २.२ (वेब सर्वांना वापरता यावं यासाठीचे निकष) च्या एए या मधल्या पातळीला किमान २४ बाय २४ लागतात. आयफोनवर मजकूर भरताना पान आपोआप झूम होत असेल, तर त्या चौकटीतला फॉन्ट १६ पिक्सेलपेक्षा लहान आहे.

एखाद्या ठरावीक फोनसाठी नवी क्वेरी घालायचा मोह टाळा. पुढच्या फोनवर तीच तक्रार परत येते.

एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलानंतर कार्ड ३२०, ४८०, ७६८ आणि १२८० पिक्सेलवर बघा, शिवाय १२८० वर झूम ४०० टक्के करून. चाचणीसाठी तीन नमुने कायमचे ठेवा: एका शब्दाचं शीर्षक, चार ओळींचं शीर्षक आणि चित्र नसलेलं कार्ड. शेवटी, ज्याने तक्रार केली होती त्याच्याच फोनवर ते उघडायला सांगा.