कारखान्यातली सगळी यंत्रं एका वेळेवर: उबुंटूवर क्रोनी बसवताना

हजेरीच्या मशीनवर कामगार ७:०२ ला आत आलेला असतो, गेटवरच्या कॅमेऱ्यात तोच माणूस ६:५१ ला दिसतो आणि स्टोअरच्या संगणकावर त्याच्या नावचा गेटपास ७:०६ ला निघालेला असतो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या लहान युनिटांमध्ये असे प्रकार पगाराच्या आठवड्यात किंवा चोरीच्या तपासातच उघडकीला येतात. मग कुणीतरी मोबाईल हातात धरून एकेका यंत्राची वेळ लावत फिरतं आणि दोन महिन्यांत परत तेच होतं.

त्यापेक्षा आवारातल्या एकाच संगणकाने बाहेरून वेळ घ्यावी आणि बाकी सगळ्यांनी त्याला विचारावं. क्रोनी हा हेच काम करणारा प्रोग्रॅम. कॅमेऱ्यांचं नेटवर्क इंटरनेटला जोडायची गरज राहत नाही (ते जोडलेलं नसलेलंच बरं), आणि इंटरनेटची लाइन गेली तरी सगळी यंत्रं निदान एकमेकांशी जुळून राहतात.

पुढची मांडणी उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) २२.०४ आणि २४.०४ साठी आहे. लॅन (आवारातलं नेटवर्क) १९२.१६८.१.०/२४ आणि वेळ वाटणारा संगणक १९२.१६८.१.१० असं धरलंय. तुमचे आकडे घाला. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन छोटी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. क्रोनीचं स्पेलिंग सी-एच-आर-ओ-एन-वाय. शेवटी आणखी एक सी जोडला की क्रोनीसी, म्हणजे तिची विचारपूस करायची आज्ञा.

कुठला संगणक निवडायचा

चोवीस तास चालू राहणारा आणि यूपीएसवर असलेला. जुना आय-३ डेस्कटॉप रग्गड झाला. वेळेच्या एका विचारणीत ४८ बाइट जातात आणि तेवढेच परत येतात, त्यामुळे पन्नास यंत्रं विचारायला लागली तरी लोड जाणवत नाही. लॅपटॉप नको, झाकण मिटलं की तो झोपतो. व्हर्च्युअल मशीनही शक्यतो नको, कारण थांबवून पुन्हा चालू केलं की त्याचं घड्याळ मागेच राहिलेलं असतं. या संगणकाचा आयपी पक्का करून ठेवा. तो बदलला की सगळी यंत्रं गुपचूप आपापल्या वाटेने भरकटतात आणि कुठेही एरर दिसत नाही.

आधी टाइमझोन

टाइमडेटसीटीएल

एवढंच टाइप केलं की स्थानिक वेळ, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), टाइमझोन आणि सिंक झालंय का, हे सगळं समोर येतं. झोन चुकीचा असेल तर:

सुडो टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता

इथे ए आणि के कॅपिटल. नेटवर्कवरून येते ती नेहमी यूटीसी. त्यात साडेपाच तास मिळवायचं काम तुमच्या यंत्राचं. झोन चुकला असेल तर सर्व्हर कितीही बिनचूक असला तरी स्क्रीनवरचा आकडा चुकीचाच. (भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि नाशिक साधारण ७३.८ अंशांवर. म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. संगणकाला याच्याशी काही देणंघेणं नाही.)

बसवणं आणि फाइल

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल क्रोनी

आधीपासून असलेली सिस्टमडी-टाइमसिंकडी ही सेवा यात आपोआप निघून जाते. तिला फक्त वेळ घेता येते, वाटता येत नाही. संगणकावर कुणी एनटीपीडी ही वेळ जुळवणारी जुनी सेवा बसवून ठेवली असेल तर ती काढा. एका घड्याळाला दोन सेवा ढकलायला लागल्या की वेळ हेलकावे खाते.

आता /ईटीसी/क्रोनी/क्रोनी.कॉन्फ ही फाइल नॅनो या एडिटरमध्ये (सुडो लावून) उघडा. पूल शब्दाने सुरू होणाऱ्या ओळींच्या आधी # टाकून त्या बंद करा आणि या ओळी लिहा:

सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर समय२.एनआयसी.इन आयबर्स्ट
सर्व्हर टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग आयबर्स्ट
पूल इन.पूल.एनटीपी.ऑर्ग आयबर्स्ट मॅक्ससोर्सेस ३

पहिले दोन सर्व्हर एनआयसीचे, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचे. तिसरा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा (एनपीएल), म्हणजे भारतीय प्रमाणवेळ जिथे राखली जाते तिथलाच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनी आपली यंत्रणा एनआयसी किंवा एनपीएलच्या, अथवा त्यांच्याशी वेळ जुळवणाऱ्या सर्व्हरला जोडावी असं म्हटलंय, म्हणून हे तिघे आधी. पूल म्हणजे अनेक सार्वजनिक सर्व्हरांचा गट, तो त्यांच्या पाठीशी.

एकच सर्व्हर देऊन भागेल असं वाटतं, पण त्याची वेळ बिघडली तर ते कळायला मार्ग नसतो. दोन दिले आणि त्यांची वेळ जुळेना, तर कोण खरं हे क्रोनीला ठरवता येत नाही. तीन असले की बहुमत निघतं. चार असले की एक बंद पडूनही बहुमत टिकतं. गूगलचा वेळ सर्व्हर मात्र या यादीत मिसळू नका. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला घड्याळात घातलेला जादा सेकंद) आला की गूगल तो एक सेकंद दिवसभरात पसरून टाकतं, बाकीचे सर्व्हर तसं करत नाहीत, आणि तेवढा वेळ यादीत दोन तट पडतात. शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ ला आला होता, त्यामुळे ही अडचण रोजची नव्हे. पण मिसळून फायदाही काही नाही.

त्याच फाइलमध्ये खाली:

मेकस्टेप १ ३
आरटीसीसिंक
अलाउ १९२.१६८.१.०/२४
लोकल स्ट्रॅटम १०

पहिल्या दोन ओळी बहुधा आधीच असतात. असतील तर परत लिहू नका. मेकस्टेपचा अर्थ असा: सेवा सुरू झाल्यावरच्या पहिल्या तीन दुरुस्त्यांत फरक एक सेकंदाहून जास्त दिसला तर घड्याळाने थेट उडी मारायची. त्यानंतर उडी बंद. घड्याळाचा वेग किंचित कमी-जास्त करून हळूहळू जुळवायचं. तीनचा आकडा बदलून उणे १ करू नका. तसं केलं तर भर दुपारी, डेटाबेसमध्ये नोंदी चालू असताना घड्याळ मागे उडी मारू शकतं आणि नंतरची नोंद आधीची दिसते.

अलाउ ही ओळ नसेल तर क्रोनी लॅनवरच्या कुणालाही उत्तर देत नाही. लोकल स्ट्रॅटम १० हा लाइन गेल्यावरचा बंदोबस्त. बाहेरचा एकही सर्व्हर मिळेनासा झाला तरी हा संगणक स्वतःच्या घड्याळावर वेळ वाटत राहतो. स्ट्रॅटम म्हणजे मूळ घड्याळापासून कितवी पायरी; आकडा १० मुद्दाम मोठा ठेवायचा, म्हणजे चांगला स्रोत मिळताच यंत्रं तिकडे वळतात.

फाइल सेव्ह करा, सेवा परत सुरू करा आणि फायरवॉल चालू असेल तर वाट मोकळी करा. एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून वेळ जुळवायची पद्धत, यूडीपीच्या १२३ पोर्टवर चालतं. टीसीपी १२३ उघडून काहीही होत नाही, आणि ही चूक फार लोक करतात.

सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट क्रोनी
सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट १२३ प्रोटो यूडीपी

राउटरवर हा पोर्ट बाहेरून आत उघडायचा नाही. आपण फक्त बाहेर विचारतो. त्याचं उत्तर आपोआप आत येतं.

चाललंय का, हे आकड्यांवरून

स्क्रीनवरची वेळ मोबाईलशी जुळली म्हणजे काम झालं, असं नाही. पाच मिनिटं थांबा आणि विचारा:

क्रोनीसी सोर्सेस

प्रत्येक सर्व्हरच्या ओळीत सुरुवातीला दोन चिन्हं असतात. त्यातलं दुसरं बघायचं. * म्हणजे सध्या याच्यावर भरवसा आहे, + म्हणजे हाही हिशेबात धरलाय, - म्हणजे ठीक आहे पण सध्या वापरात नाही. ? दिसलं तर त्याच्याशी अजून नीट बोलणं झालेलं नाही, आणि एक्स दिसला तर बहुमताने त्याला खोटा ठरवलंय. एका तरी ओळीत * हवा.

रीच हा रकाना बारकाईने वाचा. तो अष्टमान पद्धतीत असतो आणि शेवटच्या आठ विचारण्यांचा हिशेब देतो. आठही उत्तरं आली की ३७७. सुरुवातीला आयबर्स्टमुळे भराभर चार विचारण्या होतात, म्हणून लगेच १७ दिसतं. मग साधारण दर ६४ सेकंदांनी ३७, ७७, १७७ आणि ३७७. ३५७ दिसलं तर मधलं एक उत्तर हरवलंय, त्याने काही बिघडत नाही. सगळ्याच ओळींत ० असेल तर यूडीपी १२३ कुठेतरी अडतंय, बहुतेक ऑफिसच्या फायरवॉलवर. सर्व्हरच्या ओळीच दिसत नसतील तर डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) तपासा.

क्रोनीसी ट्रॅकिंग

यात सिस्टम टाइमच्या ओळीत काही मिलिसेकंदांचा फरक असेल तर ब्रॉडबँडवर तो उत्तमच. ४-जी डोंगलवर तो जास्त राहतो, कारण जायला ४० मिलिसेकंद आणि यायला १० लागले तरी एनटीपी दोन्ही सारखे धरतं आणि १५ मिलिसेकंदांची चूक तशीच राहते. हजेरी-कॅमेऱ्यांना याने काही फरक पडत नाही.

फ्रीक्वेन्सीची ओळ तुमच्या मदरबोर्डचा स्वभाव सांगते. तिथे २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग) लिहिलं असेल तर दुरुस्तीविना हे घड्याळ दिवसाला १.७ सेकंद, महिन्याला जवळपास ५२ सेकंद चुकलं असतं. हा आकडा तापमानाने हलतो. पत्र्याच्या शेडमधला संगणक मे महिन्याच्या दुपारी आणि निफाडचा पारा घसरतो तेव्हाच्या पहाटे सारखा चालत नाही. आकडा हळूहळू सरकत असेल तर काळजी नको.

विंडोज, एनव्हीआर, हजेरी

विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा. (०एक्स८ मधलं एक्स हे साधं रोमन अक्षर.)

डब्ल्यू३२टीएम /कॉन्फिग /मॅन्युअलपीअरलिस्ट:"१९२.१६८.१.१०,०एक्स८" /सिंकफ्रॉमफ्लॅग्ज:मॅन्युअल /अपडेट
डब्ल्यू३२टीएम /रीसिंक
डब्ल्यू३२टीएम /क्वेरी /स्टेटस

शेवटच्या आज्ञेत सोर्ससमोर आपला आयपी दिसला पाहिजे. लोकल सीमॉस क्लॉक (मदरबोर्डवरचं घड्याळ) दिसलं तर काहीच जुळलेलं नाही. सर्व्हिसेसमध्ये विंडोज टाइम ही सेवा ऑटोमॅटिक करून ठेवा. डोमेनमधल्या (कंपनीच्या विंडोज सर्व्हरच्या ताब्यातल्या) संगणकांना हे करू नका, ते वेळ डोमेन कंट्रोलरकडून घेतात. तिथे फक्त मुख्य कंट्रोलरला क्रोनीकडे वळवायचं.

एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) वेळेच्या पानावर एनटीपी चालू करा, सर्व्हर म्हणून आपला आयपी, पोर्ट १२३, मध्यंतर ६० मिनिटं. डीएसटी (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायची परदेशी सोय) बंद. चित्रावर उमटणारी वेळ बऱ्याचदा कॅमेऱ्याची स्वतःची असते, एनव्हीआरची नाही. म्हणून एनव्हीआरमध्ये कॅमेऱ्यांची वेळ जुळवायचा पर्याय असेल तर तोही लावा, नसेल तर प्रत्येक कॅमेऱ्यात शिरून एनटीपी भरा. हजेरीच्या पुष्कळ मशीनना एनटीपी कळतच नाही. ज्या संगणकावर त्यांचं सॉफ्टवेअर आहे तोच त्यांना वेळ देतो. तो संगणक जुळला की सॉफ्टवेअरमधून एकदा टाइम सिंक करा. रात्रपाळी चालू असताना मात्र नको.

कोण विचारतंय ते सर्व्हरवर सुडो क्रोनीसी क्लायंट्स या आज्ञेने दिसतं. यादीत न दिसणारं यंत्र वेळ दुसरीकडून घेतंय किंवा कुठूनच घेत नाही.

फरकावरून दुखणं ओळखा

फरक नेमका गोल असेल तर घड्याळ निर्दोष असतं आणि सेटिंग चुकलेलं असतं. बरोबर साडेपाच तास: यंत्र यूटीसीच दाखवतंय, किंवा एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. लिनक्स मदरबोर्डवरच्या घड्याळात यूटीसी लिहितं आणि विंडोज ते स्थानिक वेळ समजून वाचतं. अडीच तास पुढे: चीनमधून आलेल्या यंत्राचा झोन बीजिंगचाच राहिलाय. अर्धा तास इकडे किंवा तिकडे: यादीत +५:३० ऐवजी +५ किंवा +६ निवडलंय. एक तास: डीएसटी चालू. बारा तास: हाताने वेळ लावताना एएम-पीएम उलटं झालंय.

फरक गोल नसून रोज वाढत असेल, तर त्या यंत्रापर्यंत एनटीपी पोचतच नाही.

आणि वीज जाऊन आल्यावर विंडोज संगणक एकदम काही वर्षं मागे गेला, तर मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली. ती ३ व्होल्टची असते, मीटरवर २.७ च्या खाली दिसली की बदला. फसगत पुढे होते. डोमेनमध्ये नसलेलं विंडोज मुळात ५४,००० सेकंदांपर्यंतचाच, म्हणजे १५ तासांचाच फरक दुरुस्त करतं. त्याहून मोठा असेल तर रीसिंकला सरळ नकार येतो, ब्राउझरमध्ये सगळ्या साइटची प्रमाणपत्रं अवैध दिसतात आणि लोक इंटरनेटला दोष देत बसतात. टॅली आणि डेटाबेस बंद ठेवा, तारीख-वेळ अंदाजे हाताने लावा, मग रीसिंक द्या. बॅटरी न बदलता एवढंच केलं, तर पुढच्या वेळी लाइट गेली की हेच सगळं पहिल्यापासून.