ट्रॅक डेला बाईक चालवत न्यायची की ट्रेलरवर टाकून? या चुका टाळा

ट्रॅक डे, म्हणजे रेस ट्रॅकवर आपली बाईक चालवायचा दिवस, बुक झाला की पहिला प्रश्न हाच, बाईक चालवत घेऊन जायची का कशात तरी टाकून न्यायची? आणि बहुतेक जण नुसतं अंतर बघून ठरवतात, जवळ आहे मग चालवत जाऊ, लांब आहे मग ट्रेलर बघू. माझं मत असं की अंतर नंतर बघा. आधी हे ठरवा की संध्याकाळी बाईक चालण्यासारखी राहिली नाही, किंवा तुम्हीच चालवण्याच्या अवस्थेत नसलात, तर दोघं घरी कसे पोचणार. याचं उत्तर तयार असेल तर खुशाल चालवत जा, कितीतरी लोक जातात आणि मस्त परत येतात. उत्तर नसेल तर ट्रॅक अगदी शेजारी असला तरी थांबून विचार करा.

परतीचा विचारच न करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

ट्रॅकवर सगळ्यात जास्त दिसणारं पडणं म्हणजे लो-साइड, कॉर्नरमध्ये चाकाची ग्रिप सुटते आणि बाईक एका अंगावर घसरत जाते. चांगला सूट घातलेला असेल तर रायडर बऱ्याचदा उठून चालायला लागतो. पण बाईकचं काय? फूटपेग, गिअर लिव्हर, क्लचचा नाहीतर ब्रेकचा लिव्हर, क्लिप-ऑन (शॉकअपला बसवलेले हँडलचे दोन तुकडे) हे सगळं बाहेर आलेलं असतं त्यामुळे आधी तेच तुटतं. इंजिन एकदम ठणठणीत असतं आणि तरी बाईक रस्त्यावर चालवता येत नाही, कारण ब्रेक दाबायला लिव्हरच नाही. चालवत जाणार असाल तर दोन्ही लिव्हर, गिअर लिव्हर आणि एखादा फूटपेग स्पेअर ठेवा आणि ते बसवायला लागणारे पाने सोबत घ्या. आणि हँडलवरचे लिव्हरचे क्लॅम्प अगदी आवळून टाकू नका, चालवताना हलणार नाही पण आपटल्यावर जागेवर फिरेल इतपत टाइट ठेवा, म्हणजे लिव्हर तुटण्याऐवजी फिरून वाचतो.

आता रायडरचं. मनगट नुसतं मुरगळलं तरी क्लच दाबता येत नाही, हाड मोडायची गरज नाही. आणि हेल्मेट! पडताना हेल्मेट आपटलं की ते संपलं, बाहेरून ठीक दिसलं तरी आतलं फोम एकदा दबलं की परत तसं संरक्षण देत नाही, मग घरी जाताना डोक्यावर काय घालणार? याचा विचार जवळपास कोणीच करत नाही. डोक्याला मार लागला असेल तर बरं वाटतंय म्हणून चालवायला घेऊच नका, चक्कर, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं हे काही तासांनीसुद्धा सुरू होऊ शकतं.

इन्शुरन्सचंही बघून ठेवा. रस्त्यासाठीच्या नेहमीच्या पॉलिसीत ट्रॅकवरचा वापर बहुतेक वेळा वगळलेला असतो, आणि रोडसाइड असिस्टन्सवाले ट्रॅकवर पडलेली बाईक उचलायला येतीलच असं धरून चालू नका. जायच्या आधी फोन करून सरळ विचारा. नाहीतर गाडी असलेला एखादा मित्र संध्याकाळपर्यंत फोनवर मिळेल अशी सोय करून ठेवा, तीसुद्धा चांगली सोय आहे.

शेवटचं सेशन आणि लगेच हायवे

पंधरा-वीस मिनिटांचं सेशन, म्हणजे ट्रॅकवरची एक पाळी, ऐकायला छोटं वाटतं पण दिवसभरात तशी सहा-सात झाली की हात, मांड्या, मान सगळं गळून जातं, वर लेदर सूटमध्ये घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. दमलेलं अंग आणि वाढलेला आत्मविश्वास हे दोन्ही शेवटच्या सेशनला एकत्र येतात. चालवत परत जायचं असेल तर शेवटचं सेशन सोडून द्या. पैसे भरलेत हे खरं, तरीही सोडा.

सूट काढा, पाणी प्या, तासभर निवांत बसा आणि मग निघा. कारण दिवसभर डोळ्याला वेगाची इतकी सवय झालेली असते की रस्त्यावरचा नेहमीचा वेग एकदम संथ वाटतो आणि नकळत काटा वर जातो. ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, वळणावर वाळू पडलेली नसते, कुत्रं आडवं येत नाही. रस्त्यावर हे सगळं असतं आणि डोकं अजून ट्रॅकवरच असतं.

टायरच्या हवेचा गोंधळ

इथे तर एकाच दिवसात तीन-तीन वेळा चूक करणारे लोक आहेत.

पहिली, घरूनच ट्रॅकची हवा करून निघणं. स्पोर्ट बाईकला रस्त्यासाठी थंड टायरमध्ये पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय अशासारखा आकडा कंपनी देते, ट्रॅकवर रोड टायर वापरताना तो तिशीच्या आसपास आणतात, नक्की किती ते टायर बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या कारण टायरप्रमाणे बदलतं. पण एवढ्या कमी हवेवर सामान लादून हायवेला पळवलं तर टायर जास्त वळवळतो, जास्त तापतो, झिजतोही वेडावाकडा.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. ट्रॅकला पोचल्या पोचल्या हवा मोजतात आणि कमी करतात. अरे, टायर आत्ता हायवेवरून तापून आलाय, गेज दाखवतोय त्यातले तीन-चार पीएसआय नुसत्या उष्णतेचे आहेत! तिथे तुम्ही ३० केलं की टायर थंड झाल्यावर आत २६-२७ च उरतं. आधी टायर गार होऊ द्या, रजिस्ट्रेशन, ब्रीफिंग (सुरुवातीच्या सूचना) आटपा, मग सावलीत मोजा. ज्यांना गरम टायरचा आकडा माहितीये त्यांनी सेशन संपवून आल्या आल्या मोजायचं. थंडचा आकडा गरम टायरला लावायचा नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

तिसरी, घरी निघताना हवा परत न भरणं. जवळ हवा मिळेलच याचा भरवसा नाही, म्हणून पायाने मारायचा पंप किंवा बॅटरीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर सोबत ठेवा आणि गेज कायम तोच वापरा, दोन गेजमध्ये दोन-तीन पीएसआयचा फरक सहज निघतो.

याच्याच जोडीला अजून एक गैरसमज, की मी चालवत आलोय म्हणजे माझे टायर गरम आहेत. ब्रीफिंग संपेपर्यंत ते गार होतात. आणि सरळ हायवेवर टायरचा मधला पट्टाच जास्त तापतो, कडा नाही, आणि कॉर्नरमध्ये तुम्हाला कडाच लागणार आहेत. पहिल्या दोन-तीन लॅप सगळ्यांनी हळूच मारायच्या, बाईक कशीही आलेली असो.

टायर कुठले घ्यावेत? चालवत जाणार असाल तर रस्त्यासाठीचे चांगले स्पोर्ट टायर पुरेसे आहेत, पहिल्या काही ट्रॅक डेंना तर नक्कीच. स्लिक, म्हणजे खाचा नसलेले रेसचे टायर, रस्त्यावर चालत नाहीत, त्यामुळे स्लिक म्हणजे ट्रेलर हे ठरलेलंच. मधला एक प्रकार असतो, रस्त्यावर चालणारे पण ट्रॅककडे झुकलेले, खाचा कमी असलेले. परत येताना पाऊस लागला तर ते पाणी नीट बाजूला टाकत नाहीत आणि थंड रस्त्यावर लवकर तापतही नाहीत. आणि हायवेने मध्ये चपटा झालेला टायर घेऊन ट्रॅकवर जाऊ नका, कॉर्नरमध्ये बाईक झोपवताना ती एकसारखी झुकत नाही, एकदम कलंडते.

ब्रेक ऑइल जुनंच

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ४ दर्जाचं ऑइल ताजं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ वर येते. रस्त्यावर तुम्हाला कधी कळणारही नाही, पण ट्रॅकवर प्रत्येक लॅपला जोरात ब्रेक लागतो, ऑइल उकळतं, आत वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर सरळ हँडलला येऊन टेकतो. आणि परत याच ब्रेकवर घरी जायचंय. ट्रॅक डेच्या आधी ऑइल बदला, डॉट ४ किंवा डॉट ५.१. डॉट ५ हे वेगळंच, सिलिकॉनचं असतं, आकडा बघून मिसळू नका.

ब्रेक पॅड जाताना अर्धे असतील तर दुपारी जेवणाच्या सुट्टीत टॉर्च मारून बघा, ट्रॅकवर पॅड फार पटकन झिजतात. पूर्ण रेसचे पॅड टाकून रस्त्यावर चालवत जाणं मात्र मला पटत नाही, ते थंड असताना नीट धरत नाहीत आणि सकाळच्या पहिल्या सिग्नललाच तुम्हाला ते कळेल.

छोट्या पण दिवस वाया घालवणाऱ्या गोष्टी

आरसे काढायचे असतात किंवा झाकायचे असतात, हेडलाइट-इंडिकेटरवर टेप लावायचा असतो. दिवा चालू राहिला तर उष्णतेने टेपचा गम काचेवर बसतो, म्हणून शक्य असेल तर हेडलाइटचा फ्यूज काढा आणि आरशाच्या स्क्रूसोबत एकाच डबीत ठेवा. निघताना फ्यूज परत, आरसे परत, टेप सगळा काढलेला, ब्रेक लाइट लागतोय का बघितलेलं. अंधारात ही आठवण झाली तर फार वाईट वाटतं.

चेनला सकाळी निघताना ल्यूब मारू नका, ते उडून मागच्या टायरवर जातं. आदल्या रात्री मारा, जास्तीचं फडक्याने पुसून घ्या. पेट्रोल ट्रॅकच्या अलीकडच्या पंपावर फुल करा, फुल थ्रॉटलला बाईक रस्त्याच्या दुप्पटही पेट्रोल पिऊ शकते आणि आत पेट्रोल मिळेलच असं नाही. सायलेन्सर बदललेला असेल तर त्या ट्रॅकची आवाजाची मर्यादा आधीच विचारा, एवढं लांब चालवत जाऊन गेटवरून परत यायची वेळ नको. पाने आणि लिव्हर पाठीवरच्या सॅकमध्ये भरू नका, पडलात तर तेच मणक्यात घुसतील, मागच्या सीटवर पक्कं बांधा. आणि वेळेच्या आधी पोचा. ब्रीफिंग चुकलं की बऱ्याच ठिकाणी ट्रॅकवर सोडतच नाहीत.

टाकून नेताना होणाऱ्या चुका

ट्रेलर किंवा व्हॅन म्हटलं की लोक निश्चिंत होतात, पण बाईकचं नुकसान इथेही होतं, तेही एक लॅप न मारता.

चढवताना एकट्याने चढवू नका. रॅम्प गाडीला पट्ट्याने बांधा, नाहीतर पुढचं चाक वर गेलं की तो मागे सरकतो. फळी अरुंद असेल तर तुमच्या पायाला वेगळी फळी लागते, कारण अर्ध्यावर गेल्यावर पाय टेकायला जमीनच नसते. रॅम्प आखूड असेल तर उतार खडा होतो आणि वरच्या टोकाला बाईकचं पोट घासतं.

बांधताना बाईक साइड स्टँडवर उभी करून आवळायची नाही, सरळ उभी ठेवायची, पुढचं चाक चॉकमध्ये (चाक अडकवायच्या खाचेत) नाहीतर समोरच्या भिंतीला टेकवून. पट्टे क्लिप-ऑनला अडकवू नका, ते फिरतात किंवा वाकतात. खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (पुढचे दोन्ही शॉकअप धरणाऱ्या भागाला) सॉफ्ट लूप, म्हणजे कापडी फास, घाला आणि दोन पट्टे पुढे आणि बाहेरच्या बाजूला ओढा. पुढचे शॉकअप साधारण अर्धे दबले की बास. पट्टा आवळायचा रॅचेट हातात आला की लोक पार तळाला जाईपर्यंत आवळतात, मग शॉकअपला हलायला जागाच राहत नाही आणि खड्ड्यातला सगळा धक्का सील आणि पट्ट्यांवर जातो. मागे अजून दोन पट्टे, मागचं चाक उड्या मारू नये म्हणून. हँडल लॉक करू नका, चावी काढा, पट्टा फेअरिंगला (बाईकच्या बाहेरच्या प्लास्टिकला) लागतोय तिथे फडकं घाला, लोंबणारी टोकं बांधून टाका. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून परत तपासा, पहिल्या काही धक्क्यांनंतर पट्टे हमखास ढिले होतात.

ट्रेलरवर वजन चाकांच्या किंचित पुढे हवं. मागे जास्त गेलं तर वेगात ट्रेलर डुलायला लागतो आणि ते आवरणं अवघड असतं. बंद व्हॅन असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा, पेट्रोलची वाफ साठते. आणि ट्रेलरच्या टायरची हवा, बेअरिंग, दिवे बघा, वर्षभर कोपऱ्यात उभा असतो तो.

अजून एक, चालवत आणलेल्या बाईकची रस्त्यातच परीक्षा झालेली असते, ढिला बोल्ट, बसलेला ब्रेक, गळणारं सील वाटेतच कळतं. टाकून आणलेली बाईक मात्र आदल्या रात्री गॅरेजमध्ये पॅड बदलून थेट ट्रॅकवर उतरते. पॅड बदलताना पिस्टन मागे ढकललेले असतात, तेव्हा ब्रेक लिव्हर कडक लागेपर्यंत पंप करा, कॅलिपरचे आणि अॅक्सलचे बोल्ट टॉर्क रेंचने बघा, पॅडॉकमध्ये (बाईक उभ्या करायच्या जागेत) एक हळू चक्कर मारा, मगच पिट लेनमध्ये, म्हणजे ट्रॅकवर जायच्या वाटेवर, जा.

घरी उतरवताना सगळे दमलेले असतात आणि घाईत एका बाजूचा पुढचा पट्टा सोडतात, बाईक लगेच दुसऱ्या बाजूला ओढली जाते. आधी मागचे दोन्ही सोडा, मग एकाने बाईक दोन्ही हातांनी धरायची, पुढचा ब्रेक दाबून, आणि दुसऱ्याने पुढचे पट्टे थोडे थोडे करून दोन्ही बाजूंनी ढिले करायचे.