मोबाइलचं गृहपाठाचं अ‍ॅप कॉम्प्युटरवर घेण्याआधी

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की त्या अ‍ॅपची वेबसाइट आहे का. ब्रेनलीसारखी प्रश्नोत्तरांची सेवा सरळ ब्राउझरमध्ये उघडते. तसं निघालं तर सुंठीवाचून खोकला गेला, पुढचं वाचायचीही गरज नाही. फोटोमॅथसारखी, वहीतल्या गणिताचा फोटो मागणारी अ‍ॅप्स मात्र फोन डोळ्यासमोर ठेवूनच बनलेली असतात. खटाटोप आहे तो त्यांच्यासाठी.

विंडोज ११ मध्येच अँड्रॉइडची अ‍ॅप्स चालवायची एक सोय होती. जुन्या व्हिडिओंमध्ये ती अजून दाखवतात, पण मायक्रोसॉफ्टने ५ मार्च २०२५ पासून तिचं काम थांबवलं, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नका. २०२० नंतरचा, अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचा मॅक असेल तर आधी त्याच्या अ‍ॅप स्टोअरमध्ये शोधा. बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तर आयफोनचंच अ‍ॅप तिथे मिळतं. बाकीच्यांसाठी उरतो एम्युलेटर, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात चालणारा खोटा फोन. ब्लूस्टॅक्स, एलडीप्लेअर ही त्यातली नेहमीची नावं.

एम्युलेटर उतरवण्याआधी मशीनची ताकद बघून घ्या. ब्लूस्टॅक्स ५ साठी किमान ४ जीबी रॅम आणि ५ जीबी मोकळी जागा सांगितलेली आहे. किमान म्हणजे सुरू होईल एवढंच. शेजारी ब्राउझरच्या चार टॅब उघड्या असल्या की ४ जीबीचं मशीन धापा टाकायला लागतं. माझ्या मते ८ जीबीच्या खाली हा नाद करूच नये.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. त्यात परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली ‘व्हर्च्युअलायझेशन’ (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवू देणारी सोय) अशी ओळ दिसते. तिच्यापुढे ‘एनेबल्ड’ असेल तर निश्चिंत व्हा. ‘डिसेबल्ड’ असेल तर एम्युलेटर एकतर उघडत नाही, नाहीतर गोगलगायीसारखा चालतो, आणि लोक उगाच इंटरनेटला शिव्या घालत बसतात. ही सोय बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये जाऊन चालू करावी लागते. इंटेलच्या मशीनवर तिचं नाव व्हीटी-एक्स किंवा व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी असतं, एएमडीवर एसव्हीएम. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप, चालू आहे का ते पाहा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बायोसमध्ये बदल केल्यावर विंडोज कधीकधी दारातच ४८ आकडी किल्ली मागतं, आणि ती शोधायची तर त्याच कुलूपबंद कॉम्प्युटरमध्ये! माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली आहे.

एम्युलेटर त्याच्या मूळ साइटवरूनच घ्या. इन्स्टॉल करताना सोबत चिकटवलेल्या दुसऱ्या सॉफ्टवेअरपुढच्या चौकटींतल्या बरोबरच्या खुणा काढून टाका. अ‍ॅपही त्यातल्या प्ले स्टोअरमधूनच घ्या, कुठूनतरी मिळालेली फाइल टाकू नका. लॉगिनसाठी आपलं मुख्य गूगल खातं देण्यापेक्षा वेगळं खातं बरं. फक्त अ‍ॅपचे पैसे भरलेले असतील तर ते ज्या खात्यावरून भरले तेच लागेल. ओटीपी येणारा फोन जवळ असू द्या.

आता खरी अडचण, कॅमेरा. लॅपटॉपचा कॅमेरा तुमच्या चेहऱ्यासाठी असतो, वहीसाठी नाही. पान हातात धरून त्याच्यासमोर नाचवलं तर अक्षरं पुसट येतात, आणि प्रतिमा आरशासारखी उलटी आली तर अ‍ॅपला काहीच वाचता येत नाही. त्यापेक्षा फोनने फोटो काढून कॉम्प्युटरवर घ्या आणि अ‍ॅपमधल्या गॅलरीतून उचला. एका फोटोत एकच गणित, पान सपाट, दिवा बाजूने. मराठी आकड्यांतलं गणित असेल तर अ‍ॅपने काय वाचलं ते आधी बघा. भाचीच्या वहीतला १ अ‍ॅपने इंग्रजी नऊ समजून घेतला आणि चुकीच्या गणिताचं अगदी बरोबर उत्तर काढून दिलं. पोरगी अर्धा तास स्वतःची चूक शोधत होती.

एवढं सगळं केल्यावर मला वाटू लागलं, की अँड्रॉइड फोन घरात असेल तर एम्युलेटर हवाच कशाला? अ‍ॅप फोनमध्येच राहू द्यायचं आणि फक्त त्याचा पडदा कॉम्प्युटरवर आणायचा. एससीआरसीपीवाय (scrcpy) नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर हेच करतं. कीबोर्ड-माऊस कॉम्प्युटरचा, कॅमेरा फोनचा. रॅम नाही, बायोस नाही. तयारी एवढीच, की सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा टिचकी मारायची, डेव्हलपर ऑप्शन्स उघडले की यूएसबी डीबगिंग (केबलवरून कॉम्प्युटरला फोन चालवू देणारी सोय) चालू करायचं आणि फोन जोडल्यावर पडद्यावर येणाऱ्या प्रश्नाला ‘अलाउ’ म्हणायचं. काम झालं की डीबगिंग आठवणीने बंद. आणि केबल डेटावाली आहे ना ते बघा. नुसती चार्जिंगची निघाली तर फोनवर विजेचं चिन्ह झळकतं आणि कॉम्प्युटर मात्र ढिम्म.