दुसऱ्या दीर्घिकेतल्या मॅग्नेटारची महाज्वाला घरबसल्या कशी ओळखावी

२७ डिसेंबर २००४ रोजी आपल्याच आकाशगंगेतल्या एसजीआर १८०६-२० या मॅग्नेटारवर, म्हणजे अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्राच्या न्यूट्रॉन ताऱ्यावर (मोठा तारा मेल्यावर उरणाऱ्या अतिघन गाभ्यावर), महाज्वाला उसळली. तिच्या गॅमा किरणांनी पृथ्वीच्या आयनांबरातही, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातही, खळबळ उडवली, आणि मागे उरलेली रेडिओ झळाळी नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनेही टिपली. अशा महाज्वाला आपल्या आकाशगंगेत आणि तिच्या लगतच्या परिसरात आजवर तीनच दिसल्या: १९७९, १९९८ आणि २००४ साली. म्हणून पुढच्या ज्वालेसाठी शेजारच्या दीर्घिकांकडे बघायला हवं. अडचण एवढीच, की तितक्या लांबून ही ज्वाला एखाद्या नेहमीच्या लघु गॅमा किरण स्फोटासारखीच दिसते, आणि तसे स्फोट बहुतेकदा फार दूरच्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होतात. तेव्हा खरं काम ओळख पटवण्याचं आहे. त्यासाठी लागणारी बहुतेक माहिती खुली आहे. दुर्बीण नसली तरी अडत नाही.

१. सूचना वाचायची सवय लावा

नासाचं जीसीएन हे संकेतस्थळ उघडा. स्फोट टिपला की उपग्रहांकडून आपोआप सूचना निघतात आणि मागोमाग संशोधकांची छोटी परिपत्रकं येतात. जुनी परिपत्रकं कोणालाही वाचता येतात. ईमेलवर हवी असतील तर खातं उघडावं लागतं. नावातच तारीख असते: जीआरबी (गॅमा किरण स्फोट) २३१११५ए म्हणजे १५ नोव्हेंबर २०२३ चा स्फोट. वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतात, भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवा. सरावाला हाच स्फोट घ्या आणि त्याची परिपत्रकं पहिल्यापासून ओळीने वाचा. संशय कसा आला आणि तो कसा पक्का होत गेला, हे त्यात तासातासाने दिसतं.

२. आधी जागा बघा

इथे घाई करू नका, निम्म्याहून अधिक निकाल इथेच लागतो. फर्मी उपग्रहाच्या जीबीएम उपकरणाने सांगितलेली जागा कित्येक अंशांनी चुकू शकते. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश आकाश झाकते. एवढ्या जागेत एखादी जवळची दीर्घिका सापडली तर त्यात नवल नाही. त्यामुळे जीबीएमची जागा एम८२ या शेजारच्या दीर्घिकेजवळ आली, एवढ्यावरून काहीच ठरवू नका.

२३१११५ए च्या वेळी इंटिग्रल उपग्रहाच्या यंत्रणेने अवघ्या १३ सेकंदांत सूचना पाठवली आणि जागा सुमारे २ आर्कमिनिटांपर्यंत (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) नेमकी दिली. एम८२ आकाशात जेमतेम ११ आर्कमिनिटं लांब आहे, आणि स्फोटाची जागा बरोबर तिच्यावर पडली. इंटिग्रलचं निरीक्षण फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबलं, ही या क्षेत्राची मोठी हानी आहे.

दुसरी वाट वेळेच्या फरकाची: एकच स्फोट वेगवेगळ्या यानांवर कधी पोहोचला, ते बघायचं. १५ एप्रिल २०२० च्या अशाच एका स्फोटाची लाट आधी मंगळाभोवतीच्या मार्स ओडिसीवर आदळली, ६.६ मिनिटांनी विंड यानावर आणि त्यानंतर ४.५ सेकंदांनी पृथ्वीजवळ पोहोचली. अशा फरकांवरून दिशा काढत संशोधक एनजीसी २५३ या दीर्घिकेच्या मध्यभागापर्यंत पोहोचले.

जागा मिळाली की अलादिन या मोफत आकाश-नकाशात निर्देशांक टाका आणि जागेत जेवढी चूक असू शकते तेवढं वर्तुळ काढा. आत येणारी दीर्घिका तारे भराभर जन्माला घालणारी आहे का, तेही पाहा. मॅग्नेटारचं चुंबकत्व साधारण दहा हजार वर्षांत ओसरतं, त्यामुळे ते तिथेच सापडायची शक्यता जास्त, जिथे मोठे तारे नुकतेच जन्मून मेले आहेत. एम८२ आणि एनजीसी २५३ दोन्ही तशाच.

३. आलेख बारीक कालखंडात काढा

आलेख म्हणजे वेळेनुसार किरणांची तीव्रता कशी बदलली ते. २०२० चा स्फोट फक्त १४० मिलिसेकंद चालला. ६४ मिलिसेकंदांच्या खणांत तो दोन-तीन काठ्यांपुरता उरतो. हीसार्क या नासाच्या संग्रहातून बीएन२००४१५३६७ या क्रमांकाची फर्मीची नोंद उतरवून घ्या (शेवटचे तीन आकडे म्हणजे दिवसाचा ०.३६७ वा भाग) आणि २ किंवा ४ मिलिसेकंदांचे खण करा. मग उभा चढ आणि त्यापेक्षा सावकाश उतार दिसतो. २००४ च्या ज्वालेमागे ७.५६ सेकंदांच्या ठेक्याने धडधडणारं शेपूट कित्येक मिनिटं दिसत होतं. ते इथे शोधत बसू नका. इतक्या अंतरावरून ते फारच फिकं पडतं.

४. ऊर्जा वहीवर काढा

परिपत्रकात दर चौरस सेंटिमीटरला मिळालेली एकूण ऊर्जा दिलेली असते. तिला ४π आणि अंतराच्या वर्गाने गुणा, अंतर सेंटिमीटरमध्ये घ्या. एम८२ चं अंतर सुमारे १.२ कोटी प्रकाशवर्षं धरलं की २३१११५ए साठी उत्तर १०⁴⁵ अर्गच्या (अर्ग हे ऊर्जेचं एकक) आसपास येतं, जे महाज्वालेला शोभतं. स्फोट हजारपट लांब मानला तर हीच ऊर्जा दहा लाखपट होते आणि न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या पंक्तीत जाऊन बसते. म्हणून जागा आधी, गणित नंतर.

५. काय दिसलं नाही, तेही नोंदवा

एम८२ इतक्या जवळ दोन न्यूट्रॉन तारे आदळले असते तर लायगो या अमेरिकेतल्या शोधयंत्राला गुरुत्वीय लहरी, म्हणजे अशा टकरीतून अवकाशात उठणाऱ्या लहरी, नक्की जाणवल्या असत्या. २०२३ मध्ये त्या आढळल्या नाहीत, क्ष-किरणांची आणि दृश्य प्रकाशाची मागची झळाळीही नाही. त्यामुळे टक्कर बाद झाली. २०२० च्या स्फोटाला मात्र हा पुरावा लावता येत नाही, कारण लायगोच्या निरीक्षणांचा टप्पा त्याआधीच, मार्चअखेरीस संपला होता. म्हणून ‘लहरी आढळल्या नाहीत’ असं वाचलं की शोधयंत्र त्या मिनिटाला चालू होतं का, तेवढं आधी तपासा.